दुसऱ्या साहेबांचा चहा

एकतीस मार्च, दुपारची वेळ. जागा लातूरला औसा रोडवरची, आमच्या कंपनीची बंद होत असलेली शाखा. रक्कम नऊशे साठ रुपये. हजर माणसं तीन : मी, मुख्य कार्यालयातून आलेले एक अधिकारी, आणि फाटकाशी चहाचा गाडा लावणाऱ्या मावशी. मावशींच्या मते हजर चौघं होती. नऊशे साठातले निम्मे त्या चौथ्याच्या चहाचे होते. ते कुणाच्या नावावर पडतात, यावर मी सोमवारी नांदेडला घरी परततो की कंपनी मला आधी डॉक्टरकडे पाठवते, हे ठरणार होतं.

मी हिशेब सांभाळणारा माणूस आहे. ठिबकचे पाइप आणि फिल्टर विकणाऱ्या कंपनीत, नांदेडच्या कार्यालयात माझी बहुतेक नोकरी झाली. दिवाळीनंतर कंपनीने लातूरची शाखा गुंडाळायचं ठरवलं. तिथली माणसं कुणी पुण्याला गेली, कुणी घरी बसली. पण जागेचा करार मार्चअखेरपर्यंत होता, थोडं सामान शिल्लक होतं, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी चालूच होत्या. एक माणूस तिथे बसायला हवा होता. मुलं बाहेरगावी शिकायला, घरी आम्ही दोघंच. माझं नाव निघालं. काम सुरळीत पार पडलं की एप्रिलपासून नांदेडला जुन्या टेबलावर परत, असं ठरलं. तोंडी ठरलं होतं, ते मी लेखी मागून घेतलं.

चौदा टेबलं, चौदा खुर्च्या आणि मी. माझी केबिन काचेची होती. तिथून सगळा हॉल दिसायचा आणि हॉलमधून मी दिसायचो. पण बघायला कुणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी बेरजा मोठ्याने करू लागलो. दुसऱ्या आठवड्यात, बेरीज झाली की कुणीतरी 'बरोबर' म्हणावं असं वाटू लागलं.

बँकेत, कुरिअरला, जेवायला मला बाहेर जावंच लागे. मागे मोकळी इमारत आणि आत मोटारी, तांब्याची वायर, फिल्टर. चोरी झाली तर जबाबदारी माझी. आमच्या नांदेडच्या गल्लीत एक रीत आहे. बाई घरी एकटी असली, किंवा कडी लावून कुठे जवळपास जायचं असलं, की दारात पुरुषाच्या चपलांचा एक जोड काढून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, घरात माणूस आहे. हापिसातल्या लोकांचीही एक युक्ती असते. खुर्चीच्या पाठीवर शर्ट टाकायचा, उघड्या फाइलवर चष्मा ठेवायचा, पंखा चालू सोडायचा. येणारा म्हणतो, साहेब आत्ताच उठलेत.

मी दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. माझ्या जुन्या चपला दारात, जुना निळ्या रेघांचा शर्ट खुर्चीवर, जुन्या नंबरचा चष्मा फाइलवर, पंखा दोनवर. समोरचं दार ओढलं की आपोआप बंद व्हायचं, बाहेरून कुलूप दिसत नसे. मागच्या दाराची कडी फटीतून हात घालून उघडता येई; ते मला आणि मावशींना ठाऊक होतं, कारण त्या मागूनच चहा आणून ठेवायच्या.

जानेवारीत एका दुपारी मी बँकेतून आलो तर टेबलावर बशीने झाकलेला चहा होता. मी तर चहा पिऊन गेलो होतो. मावशींना विचारलं.

"त्या दुसऱ्या सायबांसाठी ठिवला की," मावशी म्हणाल्या. "शर्ट टांगून कुठं गेलते की. आलेत ना नवीन? म्या म्हणलं, बरं झालं. येकटा माणूस भुतावानी बसायलाव तुमी हितं."

मावशी निलंग्याकडच्या. दिवसभर गाड्यावर उभ्या, आणि शंभर माणसांशी बोलणाऱ्या. त्यांना युक्ती सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत ती फाटकावर सगळ्यांना कळली असती, आणि कळलेली युक्ती काही कामाची नाही. म्हणून मी म्हणालो, "हो, आलेत एक."

"कुठले?"

"नांदेडकडचेच."

"बोलत न्हाईत व्हय जास्ती?"

"नाही, कामात असतात."

त्या दिवसापासून मावशी दोन्ही वेळेला दोन गिलास आणू लागल्या. दुसरा चहा मी बेसिनमध्ये ओतायचो. वाईट वाटायचं, दहा रुपयांचा चहा आणि त्यातलं दूध. पण मोटारींच्या किमतीपुढे दहा रुपये काही नव्हेत, असा मी हिशेब केला.

मग एकदा मी कुरिअरला गेलो असताना मावशी चहा ठेवून गेल्या, आणि मी परतलो तेव्हा गिलास रिकामा होता. तळाशी पावडर, काठावर ओठांचा डाग.

पहिला संशय मावशींवर गेला. ठेवायचा, प्यायचा आणि पैसे लावायचे. मला तसं वाटणं भाग होतं, कारण कडी त्यांनाच ठाऊक. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला चहा आल्यावर मी त्यात चमचाभर मीठ टाकलं, ढवळलं, बशी झाकली आणि मुद्दाम बँकेत गेलो. रांगेत उभा असताना माझं तोंड खारट झालं. दोनदा नळावर जाऊन चूळ भरली. परत आलो तर गिलास रिकामा.

दुसऱ्या दिवशी मावशी गिलास ठेवता ठेवता म्हणाल्या, "काल मीठ पडलं म्हणं चहात. चुकून झालं बगा, राग धरू नका म्हणावं."

"कोण म्हणालं?"

"दुसरे सायेब. दारात उभे ऱ्हाऊन हसायलते. तुमच्यावानी तोंड वाकडं न्हाई केलं त्यांनी."

मी मावशींच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला मी ओळखतो. वसुलीच्या कामात ते शिकावंच लागतं. त्या खोटं बोलत नव्हत्या.

तेव्हापासून मी चपलांवर नजर ठेवू लागलो. जाताना त्यांची टोकं दाराकडे ठेवायचो, कुणी आत गेल्यासारखी. येऊन बघावं तर टोकं रस्त्याकडे. टाचा झिजू लागल्या होत्या. तळाला काळी माती लागलेली, आणि आमच्या फाटकापासून दारापर्यंत तर फरशी होती. शर्टाची कॉलर मळली. मी तो खोलीवर नेऊन धुतला, इस्त्री केली आणि पुन्हा खुर्चीवर टाकला. तो धुताना लक्षात आलं की मी बगलेखाली जास्त साबण लावत होतो, जसा वापरलेल्या शर्टाला लावतात.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने मी अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायचो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, ते तुमचे दुसरे साहेब कुठले हो?"

माझा घास तसाच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"हापिसच्या फोनवर केला होता मी. तुमचा मोबाईल लागत नव्हता. तर मावशींनी उचलला. म्हणाल्या, तुम्ही बाहेर गेलात, पण दुसरे साहेब आहेत. बरं झालं बाई. मला रोज धास्ती वाटायची, तिथे एकट्याला काही झालं तर पाणी द्यायला माणूस नाही. आता निवांत झोपते."

ती निवांत झोपते म्हटल्यावर मी काय सांगणार होतो? खुर्चीवर शर्ट आहे, म्हणून? मी म्हणालो, "हो, बरे आहेत."

"बरे आहेतच. परवा त्यांच्याशीच बोलले मी."

"काय?"

"आवाज अगदी तुमच्यासारखा. मला आधी तुम्हीच वाटलात. मग त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तेव्हा कळलं की हे तुम्ही नव्हेत." असं म्हणून ती हसली आणि भाकरी उलटली.

ती चेष्टा करते आहे, की मलाच आजमावते आहे, ते मला कळलं नाही. पंचविशी ओलांडलेल्या संसारात पहिल्यांदा मी बायकोकडे चोरून पाहिलं. मीच फोन केला होता का? गुडघा दुखतो हे मला ठाऊक होतं. विचारल्याचं आठवत नव्हतं.

लातूरला परतलो त्याच आठवड्यात निलंग्याकडचा एक शेतकरी आला. त्याचा फिल्टर फुटला होता आणि बदलून मिळायची मुदत टळून गेली होती. पंधरवड्यापूर्वी मी त्याला नियम दाखवून परत पाठवलं होतं. या वेळी तो हातात चार पेरू घेऊन आला आणि केबिनच्या दारातच थबकला.

"ते सायेब न्हाईत का?"

"कोणते?"

"त्या दिवशीचे. तुमच्यासारखेच दिसतेत, पण गोड हायत. नवा फिल्टर दिला त्यांनी. म्हणले, जाऊ द्या मामा, एका फिल्टरनं कंपनी बुडत न्हाई." त्याने पेरू टेबलावर ठेवले. "त्यांना द्या. तुमाला बी घ्या एक."

मी सामान मोजलं. एक फिल्टर कमी. माझ्या सगळ्या नोकरीत नियम सोडून मी एक वॉशरसुद्धा कुणाला दिलेला नाही. म्हणजे देणारा मी नव्हतो. पण मी नसेन, तर चाव्या माझ्या कमरेला असताना कोठी उघडली कुणी? दोन्हींपैकी एक गोष्ट खरी असायला हवी होती. मी कशीही मांडणी केली तरी दोन्ही खोट्या यायच्या, किंवा दोन्ही खऱ्या.

त्या रागात मी मुख्य कार्यालयाला मेल पाठवला. शाखेत परवानगीशिवाय एक इसम बसतो, चहा घेतो, फोन उचलतो, सामान देतो, चौकशी व्हावी. उलट फोन आला. तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "काका, लातूरला पगार फक्त तुमचा निघतो. तुम्ही जेवण वेळेवर घेता ना? झोप लागते ना?" त्या दोन प्रश्नांवरून मला उमगलं की चौकशी त्याची होणार नाही, माझी होणार आहे.

म्हणून मी स्वतःच त्याला पकडायचं ठरवलं.

दुपारचा चहा आला. मी मावशींना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "मी बँकेत चाललो." नव्या चपला घातल्या, जुन्या दारात नीट लावल्या, फाटकाबाहेर गेलो. कोपऱ्यावर वळून शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून, नांगरून ठेवलेल्या काळ्या मातीतून आमच्या इमारतीच्या बाजूला आलो. केबिनची खिडकी तिकडेच होती. ऊन काचेवर होतं. मी दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला तोंड लावलं.

आत माझ्या खुर्चीत निळ्या रेघांचा शर्ट घातलेला माणूस बसला होता. पाठ माझ्याकडे. समोर मावशी पदराने हात पुसत उभ्या होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. तो मान मागे टाकून हसला. इतकं मनापासून त्या इमारतीत कुणी हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग त्याने गिलास उचलला. माझ्या जिभेवर चहा आला. गरम, गोड, आलं घातलेला.

मावशींची नजर खिडकीकडे गेली. त्या म्हणाल्या, "सायेब, खिडकीत कोण हाय बगा की. टकामका बगायलाय मगापासून."

त्यांचा आवाज मला काचेतून नाही, जवळून ऐकू आला. मी मान वळवली. खिडकीच्या काचेला तोंड लावून, डोळ्यांभोवती हात धरून एक माणूस आत बघत होता. पन्नाशीचा, कपाळाला आठ्या, सगळ्या जगाकडून काहीतरी येणं असल्यासारखा चेहरा. मी त्याला ओळखलं. माझ्या हातात गिलास होता. नाकावर जुन्या नंबरचा चष्मा होता, म्हणून तो जरा धूसर दिसत होता.

"कुणी नाही मावशी," मी म्हणालो. माझा आवाज गोड होता. "जाईल तो."

तो गेला. मी टेबलाखाली पाहिलं. पायांत जुन्या चपला होत्या. तळाला काळी माती.

तिथून पुढचं मला नीट सांगता येत नाही, आणि जे नीट सांगता येत नाही ते मी फुगवून सांगणार नाही. मार्च संपत आला होता. मी युक्ती बंद केली. शर्ट, चष्मा पिशवीत घातला. तरी चहा दोनच येत राहिले आणि दोन्ही गिलास रिकामे होत राहिले. पहिला पिताना मी दुसऱ्याकडे बघायचो. कधी कधी दुसरा पिताना पहिल्याकडे. खोलीवर आरशासमोर तोंड धुताना मी आधी कपाळाच्या आठ्या बघायचो. असल्या की जीव भांड्यात पडायचा.

एकतीस मार्चला अधिकारी आले. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, सभ्य माणूस. सामान मोजलं. एका फिल्टरचे पैसे मी स्वतः आधीच भरले होते, त्यामुळे ताळा बरोबर आला. मग ते दाराशी थांबले.

"काका, या चपला कुणाच्या?"

"माझ्याच. जुन्या."

"आणि पायात?"

"त्याही माझ्याच."

त्यांनी मान हलवली, पण डोळे माझ्यावरून काढले नाहीत. तेवढ्यात मावशी महिन्याचे पैसे मागायला आल्या. चोवीस दिवस, दोन वेळा, दोन गिलास, दहा रुपयांप्रमाणे नऊशे साठ.

अधिकारी म्हणाले, "मावशी, इथे माणूस एक होता. चारशे ऐंशी."

"एक कामून? दोन सायेब. रोज दोन गिलास दिले म्या. खोटं बोलायले व्हय?"

अधिकारी माझ्याकडे वळले. "काका, तुमचा मेल मी वाचलाय. म्हणून तर मला पाठवलं. आता या म्हणतात दुसरे साहेब. तुम्ही मला सरळ सांगा, इथे दुसरं कुणी होतं का? सोमवारी तुम्हाला नांदेडला घ्यायचं, की आधी डॉक्टरांना दाखवायचं, ते मला आज कळवायचंय."

'होतं' म्हटलं तर मी वेडा. 'नव्हतं' म्हटलं तर मावशी लबाड. त्यांचे चारशे ऐंशी बुडणार, वर फाटकावर नाव खराब. अडीच महिने त्यांच्यावर मनातून संशय घेऊन झाला होता आणि त्यांच्याकडे एका घोटाचीही खोट निघाली नव्हती. चहा दिला गेला होता. गिलास रिकामे परत गेले होते. एवढं मी शपथेवर सांगू शकत होतो.

"दोन्ही चहा मीच प्यायचो," मी म्हणालो. "कंपनीच्या नावावर एक टाका, दुसरा माझ्या."

"आणि मेल?"

"मोकळी इमारत, एकटा माणूस. भास झाला. मेल मागे घेतो."

अधिकारी मोकळे हसले. "एवढा चहा प्यायल्यावर झोप कशी येणार काका! घरी जा, आराम करा. सोमवारी नांदेडला हजर व्हा."

मावशींना ते पटलं नव्हतं. "असं कसं? म्या ह्या डोळ्यांनी..." त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, केबिनमधल्या खुर्चीकडे गेली होती. त्यांचा चेहरा निवळला. जाऊ द्या, असं कुणी हाताने खुणावल्यावर निवळतो तसा. "बरं बरं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणताव तसं."

मी मागे वळून पाहिलं नाही. नांदेडला आता दारात आम्ही चपला ठेवत नाही, आत कपाटात ठेवतो. बायकोला त्याचं कारण मी 'कुत्री नेतात' असं सांगितलं आहे.

त्या दुपारी अधिकाऱ्यांनी चारशे ऐंशी मोजून दिले. मी माझे चारशे ऐंशी काढून मावशींच्या हातावर ठेवले. त्यांनी त्यातली दहाची नोट मला परत केली.

"हे कशाचे?"

"काल संध्याकाळच्या चहाचे त्यांनी दिलते," मावशी हळूच म्हणाल्या. "जाताना कुणाचं ठिवू ने म्हणले."

आदल्या रात्री माझ्या खिशात दहा रुपये कमी भरले होते. मी नोट घेतली. कंपनीचे चारशे ऐंशी, माझे चारशे सत्तर, आणि काल आलेले दहा. मावशींना त्यांचे नऊशे साठ पुरते पोचले.